लॉर्नाची जागा

मोंटॅनातल्या आमच्या नेमबाजीच्या मैदानावर शेजारच्या बाकाशी म्हातारा ऑर्विल नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल तपासत होता. सोबत मेहुणा ड्वाइट.

"एक गोळी झाडून थांबलास का, ऑर्विल? पुढची आपोआप भरली गेलीय."

"हात बोल्ट ओढायला गेला. जुन्या रायफलीची सवय."

"आणि उजवीकडे काय बघतोस?"

"मी बोल्ट ओढला की उडालेलं रिकामं काडतूस तुझी बहीण टोपीत झेलायची. चाळीस वर्षांत एक खाली पडू दिलं नाही."

"लॉर्ना? लहानपणी माझा एक चेंडू धड झेलला नाही तिनं!"

"ही रायफल काडतूस स्वतःच लगेच उडवते. ती असती तरी तिच्यासाठी थांबली नसती रे."

"सरक जरा."

"अरे, टोपी का काढलीस? टक्कल भाजेल."

"भाजू दे. तू चाप ओढ. पण सावकाश."