उजवी बाही

— फक्त उजवीच? डावी नको? बरं बरं, नीट उभा राहा, हात खाली सोड. अरे, दचकतोस काय एवढा, टाचणी नाही ती, नुसतं बोट लागलं माझं! दंड केवढा सुजलाय रे, एमरी... आणि पुढच्या आठवड्यात करारावर सही, तोवर झाकायचंय — कळलं, कळलं, दोनदा कशाला सांगतोस. बेसबॉलात चेंडू टाकणारा पिचर, आणि त्याचाच हात दुखरा, तर कोण ठेवून घेतं? कोणीच नाही. म्हणून तर तुम्ही सगळे डॉक्टरला चुकवून या तळघरात येता. वांडा मावशी काय, शिवणकाम करणारी बाई, तिचा संघाशी काय संबंध — असंच ना?

तो भिंतीवरचा बघ, लोकरीचा. मी आले तेव्हा आपल्या हेरन्स संघाचे शर्ट तसले. ओहायोतला जुलैचा उकाडा आणि अंगावर लोकर! घामाने असा जड व्हायचा की ओढून काढायला दुसरा माणूस लागायचा. पण ढगळ हो — आत काय सुजलंय, काय बांधलंय, कोणाच्या बापाला कळायचं नाही. तेव्हाचा पिचर कार्ल हूबनर, त्याने अख्खा मोसम तसाच काढला. कळलं कधी, तर हात खांद्याच्या वर जाईना तेव्हा. मग आले ते ताणले जाणारे, अंगाला घट्ट, बिनबटणाचे, पिवळेजर्द, कमरेला पट्टे — मालकाच्या बायकोची आवड, दुसरं काय! एकेकाची पोटं अशी दिसायची, आम्ही बायका हसून हसून मेलो. पण सूजही दिसायची ना. तेव्हापासून सुरू झालं हे — मावशी, जरा बाही सैल कर, मावशी, कोणाला बोलू नकोस. आता परत बटणं आली, राखाडी रंग आला, सगळं जुन्यासारखं. नुसतं दिसायला. हात वर कर. आणखी. एवढाच जातो? हं.

छे, मी कोणाला सांगणार! टोबीलाही हेच म्हटलं होतं मी. टोबी रे, तुझ्या आधीचा, गाणी म्हणायचा तो. बाही अशी बेमालूम सैल केली होती त्याची, खूश होऊन गालाचा मुका घेतला माझा — आणि दुसऱ्या दिवशी बाडबिस्तरा बाहेर. कसं कळलं म्हणजे? मला काय माहीत! म्हणजे... माहीत आहे, पण ते जाऊ दे. हलू नकोस.

तुला काय वाटतं, इथे शिवणकाम उरलंय? शर्ट कारखान्यातून तयार येतात, नाव-नंबरासकट. माझ्याबरोबर शिवायची ती हेलन, तिला घरी पाठवलं, माझ्यापेक्षा हात चांगला होता तिचा. मग मला का ठेवलं? मीही विचारलं मॅनेजरला. हसला नुसता — म्हणाला, वांडा, तुझी कॉफी झकास असते. रोज येतो, सराव संपला की. त्या स्टुलावर बसतो, काय गं, आज कोणाचं काय उसवतेयस — असंच, गप्पा. मी काय सांगते? जे शिवते ते सांगते. खोटं कशाला बोलू? नवरा गेला, पोरगी फोन करत नाही, ही मशीन गेली तर मी दिवसभर करू काय? तुमचं वय आहे, कराल काहीतरी.

अरे, ओढू नकोस, टाचण्या आहेत! आलं ना रक्त? थांब. असा बघू नकोस माझ्याकडे. तुझी बायको पोटुशी आहे, माहीत आहे मला, आणि वाईट वाटतं, खरंच वाटतं — दगड नाही मी. नको सांगू? आज नको सांगू... आज नाही विचारलं त्याने, तर नाही सांगणार, झालं? पण तो विचारतोच रे.

शू... पावलं वाजतायत. सराव लवकर संपलेला दिसतोय.

या, या ना, बसा. नाही हो, कसला अडथळा, आमचं झालंच आहे. — तू जा, बाळ. शर्ट राहू दे इथेच.