आंबिलीचं मडकं आणि दोन गाड्या

"हॅलो?... हॅलो! हां, सोलापूरच. द्या की जोडून... कोण? अक्का! अहो, गुलबर्ग्याहून ट्रंक कॉल? सगळे बरे हायत न्हवं?"

महानंदाने पिठाचे हात पदराला पुसले. थोरल्या नणंदेचा ट्रंक कॉल म्हणजे एक तर बारसं, नाही तर वाईट बातमी. पण जगदेवीअक्कांनी पहिलाच प्रश्न गाडीचा विचारला आणि हिचा जीव भांड्यात पडला.

"हायत की, दोन्ही दारातच हायत. वीरभद्रप्पा वकिलांची अंबासडर आन् शेखलालची जीप... न्हाई, अजून ठरलं न्हाई. एकच इकत घ्यायची हाय. तुमचे भाऊ सकाळपासनं एकदा हिच्याभोवती फिरत्यात, एकदा तिच्याभोवती. मला बघायला आले तवा एवढं निरखलं न्हवतं!"

तिच्या नवऱ्याला, तिप्पण्णांना, आज संध्याकाळच्या आत एकीला हो म्हणायचं होतं. उद्या येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळ्या घराने शेतात जाऊन, पूजा करून, मडक्यातली आंबील प्यायची. गेल्या वर्षी आप्पा, म्हणजे महानंदाचे सासरे, न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांची येळवस हुकली. तेव्हापासून टेलिफोनशेजारच्या बाजेवर ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. बरं झालेलं हाडही त्यांना उठवू शकलं नव्हतं. गाडीचा घाट घातला होता तो त्यांच्यासाठीच.

"हळू बोलते हां... हितंच झोपल्यात. व्हय, अंबासडरच आरामाची, सगळे तेच म्हणत्यात. पर ऐका की अक्का, काल मी स्वतः बसून बघितलं... मी! का, बाईनं बघू नये व्हय? मांडीवर मडकं घेतलं, काठोकाठ ताक भरून. म्हटलं, हे ताक जसं जाईल तसेच उद्या आप्पा जातील."

पलीकडे अक्का हसल्या असाव्यात, कारण महानंदाही हसली.

"अंबासडर ना? काय सांगू! घरातल्या गादीवर बसल्यावानी. काचा लावल्या की धूळ न्हाई, आवाज न्हाई. वळसंग गाव कवा मागं गेलं कळलं बी न्हाई... ताक? एक थेंब सांडला न्हाई!... अहो, एवढ्यात खूश होऊ नका. शेताच्या अलीकडं आपला ओढा हाय न्हवं? तितं खालनं खर्रकन् आवाज आला. चेंबर घासलं... चेंबर म्हंजे, मला तरी कुटं ठाऊक हुतं? मी खाली उतरले, वाकून बघितलं... बघू द्या की लोकांना! खाली ऑइलचा डबा असतो, तो फुटला की गाडी जागची हलत न्हाई. मग काय, आलो मागं. समोर शेत दिसतंय आन् आमी ओढ्याच्या काठाला."

"जीप? ती गेली की! ओढ्यातनं, बांधावरनं, थेट बोरीच्या झाडापतूर... ताक? अर्धं माझ्या लुगड्यावर, अर्धं शेखलालच्या मानेवर. मडक्याच्या बुडाला थोडं उरलं हुतं."

"हां... हां... पेट्रोल लई पिते, ते खरं. पर ज्वारीची पोती काय अंबासडरच्या डिकीत घालायची?... व्हय व्हय, लग्नाला अंबासडरच शोभती. जीपमदनं उतरलं की लोकांना वाटतं, आले मतं मागायला!"

मध्येच एक्स्चेंजमधल्या बाईचा आवाज घुसला.

"काय? तीन मिनिटं झाली?... अक्का, वाढवताय व्हय? वाढवा, वाढवा... आप्पा? ते काय बी बोलत न्हाईत. काल मी तशीच ताकानं भिजून घरात आले, तर नुसतं लुगड्याकडं बघितलं. आन् म्हणाले, ज्वारीला कणसं धरली का? एवढंच. वर्षानं शेताचं नाव काढलं, अक्का."

सासऱ्यांशी तिचं कधी फारसं बोलणं नव्हतं, तरी त्या एका प्रश्नाने ती रात्रभर सुखावली होती.

"न्हाई हो, मला बी भ्या वाटतंय. जीपचे धक्के लई. चढायला बी उंच, पाय कसा उचलणार?... काय? मग घरीच ठेवा?... असं नका की म्हणू! ह्या येळवशीला न्हाई गेले तर ते परत उठायचे न्हाईत. माझं ऐका... अक्का, अक्का, एक मिनिट!"

बाजेवर घोंगडं होतं. आप्पा नव्हते.

"अहो, आप्पा कुटं गेले? आत्ता तर हितं हुते... काठी? काठी हितंच हाय भिंतीला!"

बाहेर हॉर्न वाजला. लांबच लांब, थांबेचना. टेलिफोनची वायर पोहोचेल तेवढी ओढत महानंदा खिडकीशी गेली.

"अक्का... आप्पा जीपमदी बसल्यात! पुढं, शेखलालच्या शेजारी. हॉर्न तेच वाजवत्यात!... मला काय म्हाईत कसे चढले! थांबा, ह्यांना इचारते... काय वो, आप्पा कसे बसले?... आं? भिंत धरून आदी अंबासडरला गेले हुते?... बरं... बरं... अक्का, ऐका. अंबासडरची शीट खाली, तितं कंबर मोडून बसावं लागतं, खुबा वाकंना. मग त्यांनीच शेखलालला सांगितलं, जीप दारातल्या कट्ट्याला लाव. कट्टा आन् जीपची शीट अगदी बराबर! कट्ट्यावर बसले आन् तसेच सरकले आत. पाय उचलायला लागलाच न्हाई. आमी सगळे धक्के मोजत बसलो, आन् बसायचं कसं ते कुणी बघितलंच न्हाई!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडताय व्हय?... अक्का, उगी. बोलायचंय त्यांच्याशी? कसं बोलावू, ते आता उतरायचे न्हाईत. 'बेग बा, बेग बा' म्हणून मलाच लवकर बोलावत्यात. तुमीच या की! पहाटेच्या गाडीनं, पोरांना घेऊन. मागं दोन बाकडी हायत, सगळे मावतो... व्हय, धक्के बसतील. शेखलालला म्हणते, बैलगाडीच्या चालीनं ने."

हॉर्न पुन्हा वाजला. दारातून तिप्पण्णांनी "आता काय?" असं हातानेच विचारलं. महानंदाने बोटाने जीप दाखवली.

"ठेवते, अक्का. लई काम पडलंय... अहो, आंबिलीचं. एक मडकं पुरायचं न्हाई आता, दोन करते. एक वाटेत सांडायला आन् एक आप्पांना."