विहिरीचा खारा चहा

किनाऱ्यावर घर बांधताना विश्वास कुणावर ठेवाल, सांगा? मी चहावर ठेवतो. आमच्या जावयांनी श्रीवर्धनला समुद्राकाठी घर बांधलं, विहिरीला मोठा पंप लावला. आम्ही महाडहून गेलो, तर पहिल्याच घोटाला बायको लेकीला म्हणाली, "चहात मीठ टाकलंस काय गो?"

पंपाने उपसा जास्त झाला, गोडं पाणी कमी पडलं आणि समुद्राचं पाणी आत शिरून विहीर खारी झाली होती. जावई घर विकायला निघाले. शेवटी पंप काढून रहाट बसवला, छपराचं पाणी विहिरीत सोडलं.

पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो. चहा घेतला, म्हटलं, "गोड!"

"साखर हाय त्यात! नुसतं पाणी पिऊन सांगा," बायको म्हणाली.

प्यायलो. खरंच गोड! जावयांचा जीव भांड्यात पडला.

तुम्हीही बांधा. फक्त पावसाने दिलं किती, तुम्ही उपसलं किती, हा हिशेब खरा ठेवा.