झोपलेले टोमॅटो

कतारमध्ये शेतावर जायचं ते ऊन उतरल्यावरच, हे सासूबाईंना कसं पटवायचं, सांगा!

बायको गेल्यानंतर लेकीला, मीराला, घेऊन आम्ही पहिल्यांदाच बाहेर पडलो होतो. आपल्या हाताने टोमॅटो तोडायचे म्हणून ती खुशीत होती. तिने हात पुढे केला आणि सासूबाई ओरडल्या, "थांब! दिवेलागणीला झाडं झोपतात. तोडायचं नाही."

"आजी, इट्स जस्ट अ टोमॅटो!"

मीराचा चेहरा पडला. आता सगळंच फिसकटणार, म्हणून मी सासूबाईंकडे केविलवाणं पाहिलं. त्या विरघळल्या. रोपापुढे वाकून टाळी वाजवत म्हणाल्या, "ऊठ गं बाई. पोरीला चार दे, मग झोप."

मग काय, मीरा प्रत्येक रोपापुढे टाळ्या वाजवत सुटली. टोपली भरली, तसा शेतावरचा केरळी माणूस आला. "खलास, मॅडम. बंद करने का टाइम."

"उठवलंय, तर झोपवून जायला नको?" असं म्हणत सासूबाई रोपं थोपटू लागल्या. मीराही थोपटू लागली. मी ओशाळून त्याला हिंदीत सगळं समजावलं.

त्याने शांतपणे ऐकलं आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "साब, फिर वो भिंडी भी देख लो. इतनी ताली में वो भी उठ गई होगी."