गोदीनं मागितलेला मार

मंडळी, बसा, सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेले जे आहेत ना, त्यांनी तर पुढंच या – टेकलेला माणूस आख्यानात घोरतो, हा माझा अनुभव आहे!

आज एक प्रश्न घेऊन आलोय. लेकरू चुकलं, आपण हात उचलला, फटका बसला. बरं वाटलं. खरं सांगा – कुणाला बरं वाटलं? लेकराला? का आपल्याला?

आमचे गुरुजी अंगठे धरून उभं करायचे. मी इतका वेळ अंगठे धरलेत की मला वर्गापेक्षा वर्गाची फरशीच जास्त पाठ आहे! आपल्या विणेकऱ्यांचा भाऊ परदेशात असतो. तिकडं म्हणे मारत नाहीत. पोराला कोपऱ्यात बसवतात आणि म्हणतात, बस, विचार कर. मी म्हटलं, वा! मग करतं का विचार? तो म्हणाला, करतं ना महाराज – आजोबांनी मोबाईल कुठं ठेवला असेल, याचा!

म्हणजे जितके देश तितक्या तऱ्हा. मला फार कुतूहल आहे या गोष्टीचं. जिथं जातो तिथं विचारतो, तुमच्यात पोर चुकलं तर काय करता? असंच विचारता विचारता ही कथा हाती लागली. ऐका.

माणदेशाच्या कडेला एक गाव. तिथं दाजीबा कणसे नावाचा शेतकरी. माणूस सज्जन, कष्टाळू, पण शिस्तीचा भारी कडक! दाराच्या चौकटीत निरगुडीचा फोक, म्हणजे लवचीक काठी, खोचलेला असायचा. वाळला की नवीन. देवाच्या फुलाचा विसर पडेल, फोकाचा नाही! त्याला एकच मुलगी, गोदी. वय वर्षं आठ.

त्या साली दाजीबाच्या मोकळ्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसल्या होत्या. खत मिळतं ना रानाला. तळावर लकाबाई आणि तिचा सात वर्षांचा पोरगा, धुळा. दिवसा बापये मेंढ्या घेऊन चरायला जायचे. लहान कोकरं मागं राहायची, मोठाल्या डालग्यांखाली, म्हणजे पालथ्या टोपल्यांखाली झाकलेली, कुत्र्याच्या भीतीनं.

एके दुपारी लकाबाई पाण्याला गेली, धुळा पलीकडं सरपण वेचत होता. गोदी आली तळावर. डालगं उचललं, कोकरू मांडीवर घेतलं, त्याचे कान कुरवाळले. तेवढ्यात घरून आईची हाक आली. कोकरू तिथंच ठेवून पोरगी पळाली. डालगं उघडंच!

परत येऊन बघते तर – कुत्र्यानं डाव साधला होता. कोकरू मरून पडलेलं.

दाजीबा आला, हातात फोक. विचारलं, कुणी उघडलं? आता सांगा, आठ वर्षांची पोर, समोर तो बाप, तो फोक. काय बोलणार? गोदीनं बोट केलं धुळाकडं. "ह्यानं."

आणि धुळा? गप्प! हो नाही, नाही नाही.

लकाबाई डोक्यावर हंडा घेऊन आली. दाजीबानं फोक तिच्यापुढं धरला. म्हणाला, तुझं पोर आहे, तूच हाण, शिस्त लागली पाहिजे. तिनं हंडा उतरवला. फोक काही घेतला नाही. म्हणाली, "अण्णा, आमच्या तळावर ज्याच्या हातनं कोकरू जातं, त्यानं दुसरं पोरकं कोकरू मेलेल्याच्या आईला लावून द्यायचं. ती पाजंस्तवर हलायचं न्हाई."

मंडळी, सगळे धनगर असंच करतात असं मी म्हणत नाही. मी काही सगळे तळ फिरलो नाही. मी एका लकाबाईचं सांगतोय.

दिवस कलला, मेंढ्या आल्या. मेलेल्या कोकराची आई पळत आली आणि प्रत्येक डालग्याला तोंड लावून हुंगायला लागली. ओरडायला लागली. काय ते ओरडणं! लकाबाईनं मेलेल्या पिलाचं कातडं एका पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधलं. त्या वासावर मेंढी फसते आणि पाजते. पण लगेच नाही! धुळा कोकरू घेऊन बसला. मेंढीनं ढुशी दिली, पोरगं कोलमडलं. उठलं, परत बसलं. पोरकं कोकरू जेमतेम तीन दिवसांचं, सकाळपासून उपाशी, मान टाकायला लागलेलं. आज प्यायलं नाही तर उद्या तेही गेलं!

बांधावर गोदी उभी होती. दुसरी ढुशी बसली धुळाला, आणि पोरीला राहवेना. आली, त्याच्या हातातलं कोकरू घेतलं, बसली. तिलाही ढुशी. तिलाही लाथ. मेंढी ओरडतेय, कोकरू गार पडतंय, आणि पोरीच्या डोळ्यांना धार लागलेली.

पोरगी कुठं गेली म्हणून दाजीबा शोधत आला. फोक होताच हातात. त्याला बघितल्याबरोबर गोदी म्हणाली, "आबा, डालगं मी उघडलं. मला मारा आणि घरी न्या. हिचं ओरडणं मला ऐकवत नाही."

ऐकलंत? पोरगी मार मागत होती! फोकाचा मार सोपा वाटत होता तिला. चार फटके खाल्ले की सुटका. आपण ज्याला कडक शिक्षा म्हणतो ना, ती पळवाट निघाली हो!

दाजीबाचा हात वर गेलाही होता. लकाबाई एवढंच म्हणाली, "न्हेऊ नगा अण्णा. कोकरू अजून प्यालं न्हाई."

दाजीबा थांबला. मेंढीकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. फोक मातीत टाकला, खाली बसला आणि दोन्ही हातांनी मेंढीची मान धरली. बराच वेळ गेला. मेंढीनं कातडं हुंगलं, परत हुंगलं. मग उभी राहिली शांत. कोकराची इवली शेपटी हलायला लागली – प्यायलं! गोदी रडता रडता हसली. मला नुसतं सांगताना भरून येतं बघा.

मग दाजीबानं धुळाला जवळ घेतलं. विचारलं, "बाळा, तू काहीच केलं नव्हतंस. दुपारी बोलला का नाहीस?"

पोरगं म्हणालं, "मामा, तवा काठी तुमच्या हातात व्हती न्हवं."

मंडळी, त्या बापाला त्या दिवशी कळलं. खोटं गोदी बोलली खरी, पण तिच्याकडून ते वदवलं कुणी? आणि निरपराध पोराचं तोंड कुणी बंद केलं?

मी तुम्हाला मारा म्हणत नाही, मारू नका म्हणत नाही. मी कोण? पण आता नाव घ्या देवाचं, टाळ खाली ठेवा, प्रसाद घ्या आणि घरी जा. दार वाजवा. लेकरू येऊन दार उघडेल. तेव्हा फक्त एवढंच बघा – ते आधी तुमच्या तोंडाकडं बघतं, का तुमच्या हाताकडं?