कोपऱ्यातलं कुंकू

—राहू द्या ना स्पृहा मॅडम, पडद्याची सेटिंग कायले बदलता? चालून तर राह्यलं. चौकटीच्या जागी क्यू-क्यू एक्स-एक्स उमटते म्हनता – उमटू द्या, आमाले सवय झाली. वरतून पहिली ओळ पंप, दुसरी पंखा. या कंट्रोल रूममधे जो आला त्याले या नंदकिशोरनं, म्हंजे मीच, असंच शिकवलं. गॅसची ओळ? हाये म्हनतात सगळ्यात खाली, आमच्या पडद्यावर थे कधी आलीच नाई – खाणीत गॅसच नसन तं ओळ कायची येईन? अक्षर मीच मोठं केलं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू हाये ना – खालचं जरासं कटते, कटू द्या. अन् पडद्याच्या त्या खालच्या कोपऱ्याले हात नका लावू. लाल दिसते ना, थे कुंकू हाये. दसऱ्याले आमी पूजा करतो – पंप, दिवे, कम्प्युटर, सगळ्याले बोट लावतो. झाडू मारता मारता विमलताईनं पुसून पाह्यलं, निघालं नाई. निघन कसं, कळंबच्या चिंतामणीचं कुंकू हाये, म्हनलं मी.

करा, करा तुमचं. हेडऑफिसनं पाठवलं तुमाले, मी कोन अडवनारा. रजतराव – आमचे जावई – खाली खाणीतच हायेत आता. सकाळी डोकं दुखते म्हनत होते. परवापासून खालच्या सगळ्याइचंच दुखून राह्यलं, ऑक्टोबरच्या उन्हाचं असन. पोरगी म्हने, रजा घ्या – मीच म्हनलं, जा, पडद्यावर सगळं ठीक हाये. अक्षराइच्या सेटिंगमधे काय निवडलं? यूटीएफ? बरं... वा, रेघा सरळ झाल्या की. चौकट कशी चौकटीसारखी दिसून राह्यली. अन् अक्षर काहून लहान केलं? असू द्या, चष्मा लावतो.

थांबा.

कुंकू वर कसं सरकलं, मॅडम? अख्खी पट्टी कशी झाली? नाई, तुमी नका वाचू – मी वाचतो. गॅस... धोका... हे दसऱ्यापासून लाल हाये? मी रोज याले नमस्कार करून बसत होतो, मॅडम. तिकडचं बटन दाबा, भोंग्याचं – दाबूनच ठेवा. फोन इकडं द्या खालचा. घंटी जाते... जाऊनच राह्यली. रजतराव उचलतात नेहमी, पहिल्या घंटीलेच उचलतात... काय म्हनता? नाई, आता नका बोलू. चूप राहा जराशा, मले घंटी ऐकू द्या.