नियमावली, एकोणिसावी आवृत्ती

(इंग्लंडमधलं टॉडमॉर्डन गाव, सकाळचे दहा. क्लिफर्डच्या जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड, त्यावर बोटभर उंचीचे शिशाचे सैनिक.)

क्लिफर्ड : अरे, तिथे कप नको! टेबलावर ठेवलेला कप म्हणजे टेकडी. कलम सत्तेचाळीस. माझ्या घोडदळाला वळसा पडेल.

मॉरिस : बरं बाबा, हातातच धरतो. क्लिफर्ड, मी कालच्या मतदानाचं सांगायला आलोय. तू चिठ्ठी टाकलीस आणि मोजणीआधीच पळालास.

क्लिफर्ड : बस चुकली असती. बिस्कीट घे.

मॉरिस : क्लबात लढाईच्या खेळाला यापुढे तुझे नियम चालणार की दुकानातलं ते नियमांचं रंगीत पुस्तक, हे ऐकायचंय ना तुला?

क्लिफर्ड : ऐकतो की. पण आधी ही नवी दुरुस्ती बघ. मांजरीनं पाडलेले सरदार प्लेगनं गेले असं धरायचं, पण आता निम्मेच.

मॉरिस : तुझी मांजर मरून नऊ वर्षं झाली!

क्लिफर्ड : म्हणून तर निम्मे केले.

मॉरिस : आणि ते पावसाचं कलम? दर डावाला फासा टाकायचा, पाऊस पडला की धनुष्याची दोरी ओली, बाण बंद. आणि पावसाचं प्रमाण कुठलं, तर आपल्या टॉडमॉर्डनचं!

क्लिफर्ड : छपरावर डबा ठेवून सहा वर्षं मोजलाय मी तो पाऊस. वाया घालवू?

मॉरिस : अरे, अ‍ॅजिनकोर्टला आपल्या तिरंदाजांनी फ्रेंचांना लोळवलं. शाळेतलं पोरही सांगेल. तुझ्या नियमांनी अकरा वर्षांत इंग्रज ती लढाई एकदाही जिंकलेले नाहीत!

क्लिफर्ड : ठाऊक आहे. दर वेळी इंग्रजांचा सेनापती मीच होतो. माझ्यासारख्या भूगोलाच्या मास्तरानं इतिहासात नाक खुपसलं की असंच व्हायचं. आता सांगून टाक, किती मतांनी आपटलो?

मॉरिस : बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठ्या मीच काढल्या. दोनदा मोजल्या. सात निघाल्या. सातही पुस्तकाच्या बाजूनं.

क्लिफर्ड : वा! एकमतानं. आपल्या क्लबात चहात दूध आधी की नंतर यावरही कधी एकमत झालं नव्हतं.

मॉरिस : सभासद किती आहेत रे आपण?

क्लिफर्ड : सात.

मॉरिस : तुला धरून.

क्लिफर्ड : साखर कमी झालीय का? देऊ अजून?

मॉरिस : साखर गेली खड्ड्यात! मी तुझ्याविरुद्ध मत दिलं, त्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हटलं, एक तरी चिठ्ठी त्याच्या बाजूनं निघेल, त्याची स्वतःची. तू का असं केलंस?

क्लिफर्ड : तिरंदाजांसाठी. त्या पुस्तकात बाण सुटतात म्हणे.

मॉरिस : चेष्टा पुरे.

क्लिफर्ड : मग खरं ऐक. गेल्या महिन्यात मी चौथं कलम वाचत होतो आणि तू घोरत होतास.

मॉरिस : घोरलो असेन. पण बावीस वर्षं तू एकट्यानं लिहिलेलं हे सगळं, आणि त्याला तुझंही मत नाही? एका चिठ्ठीवर इतकं खोडलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. तुझी होती ना ती?

क्लिफर्ड : हो. आधी माझ्याच बाजूनं लिहिलं होतं. खोडताना फार वाईट वाटलं रे.

मॉरिस : मग खोडलंस कशाला? गुप्त मतदान होतं. कोण विचारणार होतं तुला?

क्लिफर्ड : सहा विरुद्ध एक निघालं असतं, तर तो एक कोण, हे विचारायची गरजच पडली नसती.